क्रीमची फुलं पुन्हा पुन्हा पसरतात? नवीन नोझल मागवण्याआधी हे तपासा

केक सजवायला शिकणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच. व्हिडिओ पाहून सगळं तसंच्या तसं केलं, नोझलही तेच घेतलं, तरी गुलाबाच्या पाकळ्या काढता काढताच मऊ पडल्या, कडेची वेल एकमेकांत मिसळली आणि केक कापायच्या वेळेपर्यंत सगळी नक्षी सपाट झाली. मग पुढच्या केकसाठी मोठा नोझल सेट येतो. त्याच्या पुढच्या वेळी जड टर्नटेबल (केक ठेवून फिरवायचं गोल ताट) येतं, सिलिकॉनचे साचे येतात. कपाट भरत जातं आणि फुलं पसरायची ती पसरतातच.

बहुतेक वेळा दोष साधनांत नसतो. नोझल फक्त आकार देतं. तो आकार धरून ठेवायचं काम क्रीमचं असतं आणि ते तीन गोष्टींवर ठरतं: क्रीममध्ये स्निग्धांश किती आहे, ते किती थंड आहे आणि किती फेटलं आहे. म्हणून हा छंद नव्याने सुरू करणाऱ्यांना माझा आग्रह असतो की नोझलच्या सेटआधी एक डिजिटल वजनकाटा आणि एक टोचायचं थर्मामीटर घ्या. दुकानात या दोन वस्तूंकडे कुणाचं लक्षही जात नाही, पण पुढे सांगितलेल्या निम्म्याहून जास्त अडचणी त्यांच्याच जोरावर सुटतात.

आधी बिघाड कधी दिसतो ते पाहा

"क्रीम पसरलं" हे एकच वाक्य चार वेगळ्या बिघाडांसाठी वापरलं जातं, म्हणून उपाय चुकतात. फेटतानाच क्रीम घट्ट होत नसेल तर दोष मालात किंवा थंडाव्यात आहे. क्रीम भरून दाबायच्या बॅगेतून पहिली काही फुलं छान आली आणि नंतरची ढिली पडली, तर तुमच्या हाताची ऊब बॅगेत उतरते आहे. केकवर लावल्या लावल्या घसरलं तर स्पंज गरम आहे किंवा ओला आहे. आणि सगळं व्यवस्थित झालं, पण काही तासांनी पाणी सुटलं, तर साठवण, फळं, सिरप किंवा फ्रीजमधली वाफ यांच्याकडे बघायला हवं.

यासाठी एक छोटी चाचणी ठेवा. केकला हात लावण्याआधी एका बशीत एकच फूल काढा आणि ओट्यावर दहा मिनिटं ठेवून द्या. ज्या खोलीत काम करणार तिथेच. दहा मिनिटांनी पाकळ्यांच्या कडा तशाच धारदार असतील तर कामाला लागा. पायाशी पसरट झालं असेल तर क्रीम अजून मऊ आहे किंवा खोली गरम आहे, आणि हे केकवर कळण्यापेक्षा बशीत कळलेलं बरं. पाकळीची कडाही नीट बघा. गुळगुळीत, पण खाली ओघळणारी कडा म्हणजे क्रीम मऊ. फाटकी, करवतीच्या दातांसारखी कडा म्हणजे क्रीम जास्त फेटलं गेलं आहे, किंवा बटरक्रीम (लोणी आणि साखर फेटून केलेलं क्रीम) असेल तर ते फार थंड आहे. या दोन कडांचा फरक एकदा डोळ्यांत बसला की दर वेळी कुणाला विचारावं लागत नाही.

फेटतानाच घट्ट होत नाही

पाकिटावरचा स्निग्धांशाचा आकडा वाचा. दुधाच्या क्रीममध्ये तो ३० टक्क्यांच्या खाली असेल तर ते फेटून उभं राहणार नाही, कितीही वेळ बीटर फिरवा. सजावटीसाठी ३५ टक्के किंवा त्याहून थोडं जास्त असलेलं क्रीम घ्यावं. रश्श्यात किंवा कॉफीत घालायची जी पातळ क्रीम मिळतात, त्यांच्याकडून फुलांची अपेक्षाच ठेवू नये.

आकडा बरोबर असेल तर थर्मामीटर टोचा. क्रीम फेटताना आत काय घडतं ते कळलं की थंडाव्याचा हट्ट का, तेही कळतं. क्रीममधले स्निग्धाचे अतिबारीक गोळे एकमेकांवर आपटून अर्धवट चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती त्यांचं जाळं तयार होतं. हे गोळे थंडीने बऱ्यापैकी घट्ट असतील तरच ते जाळं उभं राहतं. क्रीम कोमट झालं की गोळे मऊ पडतात, बुडबुडे फुटतात आणि तुम्ही नुसतंच ढवळत बसता. सुरुवात ४ ते ५ अंश सेल्सिअसला करा. १० अंशांच्या वर गेलेलं क्रीम फेटायला घेऊच नका, परत फ्रीजमध्ये ठेवा. भांडं आणि बीटरचे दांडे १५-२० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवले की मोठा फरक पडतो. त्यासाठी भांडं स्टीलचं हवं, कारण ते थंड लवकर होतं. मोठा केक असेल आणि फेटायला वेळ लागणार असेल तर खाली बर्फाच्या पाण्याचं भांडं ठेवा, पण त्यातलं पाणी क्रीममध्ये उडू देऊ नका.

वेगाबद्दलही थोडं सांगते, कारण इथे घाई फार होते. सुरुवात मध्यम वेगाने करावी आणि मध्यम वेगावरच राहावं. पूर्ण वेगाने फेटलं की मोठे बुडबुडे शिरतात, क्रीम झटकन फुगतं आणि तितक्याच झटकन बसतं. क्रीम साधारण दुप्पट झालं आणि बीटरच्या चाकोऱ्या पृष्ठभागावर टिकायला लागल्या, की वेग कमी करा. चाकोऱ्या खोल झाल्या की बीटर बंद करून दांडा उचलून बघा. वर आलेल्या तुऱ्याचं टोक अगदी थोडं वाकत असेल तर केकला लावण्यासाठी क्रीम तयार आहे. तुरा सरळ उभा राहत असेल तर फुलांसाठी तयार आहे. या दोन टप्प्यांत काही सेकंदांचंच अंतर असतं, म्हणून शेवटचा भाग मी हाताच्या व्हिस्कनेच करते.

केकला लावायचं क्रीम थोडं आधीच थांबवावं, यामागे कारण आहे. पॅलेट नाइफ (क्रीम पसरायची बोथट सुरी) किंवा स्क्रेपर (क्रीम सपाट करायची पट्टी) फिरवताना क्रीम पुढेही फेटलं जात असतं. नोझलमधून दाबून काढतानाही तेच होतं. भांड्यात अगदी बरोबर वाटलेलं क्रीम दहा वेळा स्क्रेपर फिरवल्यावर दाणेदार होतं ते यामुळेच. दाणे नुकतेच दिसायला लागले असतील तर दोन-तीन चमचे न फेटलेलं थंड क्रीम घालून स्पॅच्युलाने हलक्या हाताने मिसळा, बहुधा सावरतं. पिवळसर गोळे आणि पाणी वेगळं दिसू लागलं तर मात्र लोणी तयार झालं. ते परत क्रीम होत नाही.

नॉन-डेअरी व्हिप क्रीमचं वागणं वेगळं. त्यात वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ आणि क्रीम स्थिर ठेवणारे घटक असतात, त्यामुळे ते उष्णतेत जास्त तग धरतं आणि त्याचं लोणी होत नाही. ते सहसा गोठलेलं मिळतं. ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवूनच वितळवावं. ओट्यावर ठेवून वितळवलं की बाहेरचा भाग कोमट आणि आतला बर्फाळ राहतो. असं क्रीम फेटलं की त्यात गुठळ्या राहतात आणि त्याच गुठळ्या पुढे नोझलमध्ये अडकतात. हे क्रीम जास्त फेटलं तर कोरडं, स्पंजसारखं सच्छिद्र होतं. मग फुलाला भेगा पडतात आणि केकवर कितीही स्क्रेपर फिरवला तरी बारीक भोकं राहतात. त्यावरही थोडं न फेटलेलं क्रीम मिसळणं हाच उपाय. त्यात बहुतेकदा साखर आधीच असते, तेव्हा चव घेतल्याशिवाय आणखी घालू नका.

दुधाचंच क्रीम वापरायचं असेल आणि ते जास्त वेळ टिकवायचं असेल तर जिलेटिनचा आधार घेता येतो. २४० मिली क्रीमला साधारण ३ ग्रॅम जिलेटिन पुरतं. ते एक मोठा चमचा थंड पाण्यात भिजवून फुगू द्या, मंद आचेवर विरघळवा, कोमट झालं की अर्धवट फेटलेल्या क्रीममध्ये बारीक धारेने सोडा. गरम असताना घातलं तर क्रीम वितळतं. पूर्ण गार होऊ दिलं तर त्याचे दोर होतात. जिलेटिन प्राणिजन्य असतं. ते चालत नसेल तर एक चमचा दूध पावडरही थोडी मदत करते, पण तिच्याकडून जिलेटिनइतकी अपेक्षा ठेवू नये.

पहिली फुलं छान, नंतरची ढिली

बॅग निम्मीच भरा. हा नियम नवशिक्यांना पटत नाही, कारण परत परत भरायचा कंटाळा येतो. पण शरीराचं तापमान ३७ अंश असतं आणि लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. भरलेली बॅग पूर्ण पंजाने धरली की कडेचं क्रीम काही मिनिटांतच मऊ होतं. दाब बॅगेच्या वरच्या पिळापासून द्यायचा असतो. पीळ अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, बाकीची बोटं वरच्या भागावर. दुसरा हात नोझलजवळ फक्त दिशा द्यायला, तोही एका बोटाने. ज्यांचे हात मुळातच गरम असतात त्यांनी दोन बॅगा भरून एक फ्रीजमध्ये ठेवावी आणि आलटून पालटून वापराव्यात.

मध्येच "फट्" असा आवाज होऊन फुलाला खिंडार पडतं, ते आत अडकलेल्या हवेमुळे. बॅग उंच ग्लासात उभी करून काठ बाहेर दुमडून भरा, क्रीम खाली सरकवा आणि पहिला थोडा भाग भांड्यातच दाबून काढा. क्रीममध्येच हवा जास्त असेल तर स्पॅच्युलाने भांड्याच्या कडेला दाबत दाबत मिनिटभर घोटा. बटरक्रीमसाठी बीटर सगळ्यात कमी वेगावर दोन-तीन मिनिटं चालवला तरी चालतं. बारीक गोल नोझल सतत अडकत असेल तर आयसिंग शुगर चाळलेली नाही, हे जवळपास नक्की समजा.

क्रीम ठीक असूनही आकार येत नसेल तर हाताचा कोन बघा. चांदणी आणि गुलाबाची चक्री यांसाठी बॅग पृष्ठभागाला काटकोनात हवी, शिंपल्यांची कडा आणि अक्षरं यांसाठी साधारण ४५ अंशांत. चांदणीला शेपूट राहतं ते दाब थांबवण्याआधीच बॅग उचलल्यामुळे. आधी दाब बंद, मग उचलायचं. पाकळीच्या नोझलचं तोंड एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळतं असतं. रुंद टोक खाली, फुलाच्या बुंध्याकडे असलंच पाहिजे. ते उलटं धरलं तर बुंधा नाजूक आणि पाकळीचा माथा जड होतो, आणि क्रीम कितीही चांगलं असलं तरी गुलाब बाहेर कोसळतो. पुष्कळदा लोक यावर क्रीमलाच दोष देत बसतात.

केकवर लावल्यावर घसरतं, चुरा येतो, कडा फुगते

स्पंज पूर्ण गार झालाच पाहिजे. वरून गार लागतो, पण मधोमध ऊब राहिलेली असते, म्हणून मी स्पंज गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते. थंड स्पंज घट्ट होतो, कापताना तुटत नाही आणि चुराही कमी पडतो. वरचा फुगवटा लांब दातेरी सुरीने कापून सपाट करा. तो तसाच ठेवून वर दुसरा थर ठेवला तर केक झुकणार, आणि तो झुकाव क्रीम जास्त लावून झाकता येत नाही. सगळ्यात वरचा थर उलटा ठेवावा, म्हणजे टिनच्या तळाची सपाट बाजू वर येते.

सिरप ब्रशने लावा, चमच्याने ओतू नका. स्पंज ओला आणि घसरता झाला की क्रीमला धरायला जागाच उरत नाही. मध्ये फळांचं किंवा जॅमचं सारण असेल तर आधी थराच्या काठावरून घट्ट क्रीमचा बांध घाला आणि सारण बांधाच्या उंचीपेक्षा थोडं खालीच ठेवा. बाजूला मधोमध पट्टा फुगलेला दिसतो तो बहुतेक वेळा बांध नसल्यामुळे, नाहीतर थर बसण्याआधीच वरचं क्रीम लावल्यामुळे. रचलेला केक फ्रीजमध्ये काही तास ठेवला की तो आपल्या वजनाने जितका बसायचा तितका बसतो. त्यानंतर बाहेरचं काम करावं.

चुऱ्यावर उपाय एकच: क्रम कोट. क्रीमचा अगदी पातळ थर, ज्यातून स्पंज दिसला तरी हरकत नाही, आणि मग २०-३० मिनिटं फ्रीज. या थरासाठीचं क्रीम वेगळ्या भांड्यात काढून घ्या. चुरा लागलेला पॅलेट नाइफ मोठ्या भांड्यात बुडवला की तोच चुरा शेवटच्या पांढऱ्या थरात दिसणार.

आता स्क्रेपर. वाकडी कडा आणि पट्टे यांची तक्रार टर्नटेबल बदलून सुटत नाही, ती हात स्थिर केल्याने सुटते. केक टर्नटेबलच्या बरोबर मध्यावर ठेवा आणि बोर्डखाली न सरकणाऱ्या जाळीचा किंवा ओल्या कापडाचा तुकडा घाला. स्क्रेपरची खालची कड बोर्डवर टेकवा, म्हणजे तो उभा काटकोनात राहील. त्याची धार केकला सरळ भिडवू नका, तिरकी, साधारण ४५ अंशांत ठेवा. कोपर पोटाशी घ्या, हात तिथेच राहू दे आणि दुसऱ्या हाताने टर्नटेबल एका दमात जितकं फिरेल तितकं फिरवा. स्क्रेपर पुसा. खड्डे दिसतील तिथे क्रीम भरा. परत फिरवा. सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त क्रीम लावून नंतर काढणं सोपं जातं, कारण थर पातळ असेल तर स्क्रेपर स्पंजपर्यंत पोहोचतो. वरच्या काठावर क्रीमची भिंत उभी राहिली की पॅलेट नाइफ आडवा धरून बाहेरून आत, केकच्या मध्याकडे ओढा. प्रत्येक ओढीनंतर पुसायचं. दुधाच्या क्रीमवर हे सगळं थोडक्या फेऱ्यांत आटपावं लागतं, वर सांगितलेल्या दाण्यांमुळे. बटरक्रीमवर मात्र तुम्ही निवांत हात फिरवू शकता, आणि शेवटी स्क्रेपर गरम पाण्यात बुडवून, कोरडा पुसून फिरवला तर पृष्ठभाग काचेसारखा येतो. हात बसवायचा असेल तर बटरक्रीमवरच बसवा.

रात्री सुंदर, सकाळी पाणी

ओली फळं टिपकागदावर कोरडी करून, शक्यतो कापायच्या जरा आधी लावा. क्रीम कमी फेटलेलं असेल तरी फ्रीजमध्ये त्यातून हळूहळू पाणी वेगळं होतं. फाँडंट, म्हणजे पोळीसारखं लाटून केकवर पांघरायचं साखरेचं पीठ, तर मुख्यतः साखरच, आणि साखर ओलावा ओढून घेते, म्हणून व्हिप क्रीमवर फाँडंट घातलं की ते चिकट होऊन घसरतं. फाँडंटखाली गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) किंवा बटरक्रीमच हवं. थंड केक बाहेर काढल्यावर हवेतली वाफ त्याच्यावर थेंबांच्या रूपात जमते. अशा वेळी फाँडंटला बोट लावू नका, पुसू नका. केक बंद पुठ्ठ्याच्या खोक्यातच खोलीच्या तापमानाला येऊ दिला तर थेंब बऱ्याच प्रमाणात खोक्यावर जमतात, आणि जे केकवर असतात ते आपोआप सुकतात. हे फाँडंटच्या आणि बटरक्रीमच्या केकसाठी. दुधाच्या क्रीमचा केक कापेपर्यंत फ्रीजमध्येच राहायला हवा. तो बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि खोली ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच.

गडद रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतात तेही याच ओलाव्याने. पातळ द्रव रंग सोडून जेल रंग वापरा. बटरक्रीममधला रंग काही तासांत आपोआप गडद होतो, म्हणून लाल आणि काळं आयसिंग आदल्या दिवशी करून ठेवावं. त्याने रंग कमी लागतो आणि कडवट चवही येत नाही. निळा रंग हिरवट दिसतो तो लोण्याच्या पिवळेपणामुळे. आधी जांभळ्या रंगाचा सुईच्या टोकाएवढा अंश मिसळून लोणी पांढरट करून घ्या. गुलाबी आणि जांभळा उजेडात फिके पडतात, तेव्हा केक खिडकीजवळ मांडून ठेवू नका. चॉकलेट रंगवायला मात्र तेलात विरघळणारेच रंग हवेत. पाण्याचा थेंब पडला तरी वितळलेलं चॉकलेट आळून गोळा होतं.

बटरक्रीम आणि गनाश

साध्या बटरक्रीमसाठी लोण्याच्या दुप्पट वजनाची आयसिंग शुगर, आणि लोणी १८ ते २० अंशांचं. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण लोणी चमकू नये. चमकलं म्हणजे ते वितळायला लागलं. स्विस मेरिंग बटरक्रीममध्ये अंड्याचा पांढरा भाग आणि साखर वाफेवर ७१ अंशांपर्यंत तापवतात, फेटून भांडं पूर्ण गार करतात आणि मगच लोणी घालतात. यात दोनच गोष्टी बिघडतात आणि दोन्ही वेळा लोक सगळं टाकून देतात, ते बघवत नाही. भांड्याला बाहेरून हात लावा. पातळ पाणी झालं असेल आणि भांडं कोमट असेल तर २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून परत फेटा. फाटल्यासारखं दिसत असेल आणि भांडं गार असेल तर फेटत राहा, नाहीतर त्यातलं थोडं वितळवून परत घाला. दोन्ही सावरतात. यात फेकण्यासारखं जवळपास कधीच काही नसतं.

गनाशला वजनकाटा हवाच. केक झाकायचा असेल तर डार्क चॉकलेट २ भाग, क्रीम १ भाग. कडेवरून ओघळ सोडायचे असतील तर दोन्ही समान. व्हाइट चॉकलेटला ३ भागांना १ भाग क्रीम. कपाने मोजलं तर ही प्रमाणं दर वेळी हलतात आणि गनाश कधी दगड होतं, कधी पाणी. तेल सुटून फाटलं तर चमचाभर कोमट दूध घालून मधोमध लहान गोलात ढवळायला सुरुवात करा आणि हळूहळू बाहेर या.

मग घ्यायचं काय?

वजनकाटा, थर्मामीटर, साधा हँड बीटर. छंदासाठी स्टँड मिक्सर लागतोच असं नाही, मेरिंग बटरक्रीम वारंवार करणार असाल तर पुढे घ्या. वाकडा पॅलेट नाइफ, साधारण २० सेंटिमीटर पात्याचा. धातूचा स्क्रेपर, केकच्या उंचीपेक्षा उंच. घेताना सपाट काचेवर किंवा टेबलावर धार टेकवून बघा, खालून उजेड दिसला तर तो सरळ नाही. टर्नटेबल घेताना फिरवून सोडून द्या आणि काठाकडे बघा, काठ वरखाली डुलत असेल तर ते नको. दातेरी सुरी, ब्रश, काही केक बोर्ड.

नोझल पाचच पुरतात. विल्टनच्या क्रमांकांत सांगायचं तर १एम ही मोठी उघडी चांदणी, २डी फुलांसाठी, १०४ पाकळी, ३५२ पान आणि ३ नंबरचं गोल तोंड अक्षरांसाठी. इतर कंपन्यांचे क्रमांक जुळतीलच असं नाही, म्हणून क्रमांकापेक्षा तोंडाचा आकार बघा. सोबत कपलर (बॅग आणि नोझल जोडणारा तुकडा) घेतला तर एकाच बॅगेवर छोटी नोझल बदलता येतात. १एम आणि २डी यांना मोठा कपलर लागतो किंवा ती थेट बॅगेत बसवतात. एका दाबात पूर्ण फूल काढणारी रशियन नोझल फार मोहात पाडतात, पण त्यांना बरंच घट्ट बटरक्रीम लागतं. व्हिप क्रीम त्यातून नुसतं थापट्यासारखं बाहेर येतं. ती नंतर.

चमचमणाऱ्या पावडरींबाबत मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. डबीवर "खाण्यायोग्य" लिहिलेलं असेल आणि घटकांची यादी असेल तरच ती केकला लावा. "विषारी नाही" असं लिहिलेलं असणं पुरेसं नाही, कारण ते शोभेच्या कामासाठीही लिहितात. अमेरिकेतल्या रोड आयलंडमध्ये २०१८ मध्ये वाढदिवसाच्या केकवरच्या अशाच पावडरीमुळे मुलं आजारी पडली होती आणि पावडरीत तांब्याचं प्रमाण फार होतं, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये नोंदवलं आहे. कुणाच्या ताटात जाणार आहे हे लक्षात ठेवून डबी उचला.

सरावासाठी दर वेळी केक करायची गरज नाही. वनस्पती तूप आणि आयसिंग शुगर फेटून घट्ट आयसिंग करा, उलट्या ठेवलेल्या टिनवर बटर पेपर लावा, त्यावर काढा, खरवडून परत बॅगेत भरा. हे आयसिंग खाण्यासाठी नाही, फक्त हातासाठी. एका बैठकीत एकच आकार, तोही एकसारखा येईपर्यंत. रॉयल आयसिंगची (अंड्याचा पांढरा भाग आणि साखरेचं आयसिंग) बॅग आणि भांडं यापासून वेगळं ठेवा, कारण तुपाचा अंश लागला तरी अंड्याचा पांढरा भाग फुलत नाही. नोझल धुतल्यावर लगेच पुसून, तोंड खाली करून वाळवा. जोडाच्या रेषेत पाणी राहिलं की तिथे गंज धरतो.

हे सगळं तपासूनही बशीतलं चाचणीचं फूल दहा मिनिटांत बसत असेल तर खोलीचं तापमान मोजा. २८ अंशांच्या वर दुधाच्या क्रीमशी झगडू नका. त्या दिवशी केक गनाशने झाका आणि फुलं बटरक्रीमची करा, तीही केकवर थेट न काढता फ्लॉवर नेलवर (फूल काढताना बोटांत फिरवायचा चपट्या डोक्याचा खिळा) चिकटवलेल्या बटर पेपरच्या छोट्या चौकोनांवर. दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवली की ती दगडासारखी कडक होतात. मग कागद सोलायचा, पॅलेट नाइफच्या टोकाने फूल उचलायचं आणि खाली क्रीमचा एक थेंब लावून केकवर बसवायचं. आदल्या रात्री गरजेपेक्षा चार-पाच फुलं जास्तच करून ठेवा, उचलताना एखादी पाकळी तुटतेच.